७ मिमीचा नोड्यूल आणि सहा महिने थांबायचं? लगेच बायोप्सी का नाही?

तुमच्या आईंचं वय ५८, सिगारेट कधीच नाही, खोकल्यासाठी सीटी केला तर उजव्या फुफ्फुसात ७ मिमीचा सॉलिड नोड्यूल, म्हणजे छोटी भरीव गाठ, निघाला आणि डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांनी परत बघू. तोपर्यंत जीव टांगणीला, मग आत्ताच बायोप्सी करून सोक्षमोक्ष का लावत नाहीत, असं विचारलंय तुम्ही. मी रेडिओलॉजिस्ट आहे, छातीचे सीटी रोज बघतो. स्कॅन न बघता आईंबद्दल पक्कं सांगणं बरोबर नाही, पण सहा महिने हा आकडा हवेतून काढलेला नाही एवढं नक्की. फ्लाइश्नर सोसायटी ही छातीच्या इमेजिंगमधल्या तज्ज्ञांची संस्था, तिच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्ये ६ ते ८ मिमीच्या एकट्या सॉलिड नोड्यूलला ६ ते १२ महिन्यांनी सीटी असंच आहे.

आता थांबायचं का, तर नोड्यूल वाढतोय की नाही हीच खरी टेस्ट आहे आणि ती घाई करून होत नाही. कॅन्सरची सॉलिड गाठ असेल तर तिचं आकारमान दुप्पट व्हायला साधारण १०० ते ४०० दिवस लागतात, आणि गाठ गोल असल्यामुळे आकारमान दुप्पट झालं तरी व्यास फक्त २६ टक्के वाढतो, म्हणजे ७ चे जेमतेम ९ मिमी. त्यात श्वास कमीजास्त घेतला, स्लाइस (सीटीतला एकेक काप) थोडी सरकली, मोजणारा बदलला की १-२ मिमीचा फरक असाच पडतो. महिन्याभराने सीटी केलात आणि ८ मिमी आलं तर त्याचा अर्थ ना मला लावता येईल ना दुसऱ्या कुणाला, फक्त घरात रडारड होईल.

बायोप्सीचं म्हणाल तर ७ मिमीची गोष्ट श्वासाबरोबर वरखाली होत असते, सुई बरोबर तिच्यातच जाईल याची खात्री नाही, फुफ्फुसातून हवा लीक व्हायचा धोका वेगळा, आणि एवढं करून रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी नेम चुकला की खरंच काही नाही हा प्रश्न उरतोच. पेट स्कॅनही (किरणोत्सर्गी साखर टोचून करतात तो, PET) ८ मिमीच्या खाली भरवशाचा नाही, शिवाय टीबीची गाठसुद्धा त्यात चमकते.

आणि बहुतेक नोड्यूल कॅन्सरचे नसतातच. जुन्या टीबीचा किंवा इतर इन्फेक्शनचा व्रण, नाहीतर फुफ्फुसातली छोटी लिम्फ नोड (लसिका ग्रंथी). अमेरिकेत २०११ साली आलेल्या एका मोठ्या स्क्रीनिंग ट्रायलमध्ये ५५ ते ७४ वयाचे, वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढलेले लोक होते, त्यांच्यातसुद्धा सीटीत संशयास्पद म्हणून निघालेल्यांपैकी ९६ टक्के केसेस कॅन्सर नव्हत्या.

पण हातावर हात ठेवून बसू नका, आज करण्यासारखं एक काम आहे जे लोक करतच नाहीत: जुना स्कॅन शोधा. छातीचाच हवा असं नाही, पोटाच्या किंवा हार्टच्या सीटीतही फुफ्फुसाचा काही भाग येतो. कपाटातली सीडी काढा, नुसता रिपोर्टचा कागद नको, इमेजेस हव्यात. दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्ये हाच सॉलिड नोड्यूल तेवढाच दिसला तर विषय जवळजवळ तिथेच संपतो. जुना एक्सरे क्लिअर होता यावरून मात्र काही ठरवू नका, एवढा छोटा नोड्यूल एक्सरेत सहसा दिसतच नाही.

रिपोर्टमध्ये कॅल्सिफाइड लिहिलंय का तेही बघा, पूर्ण किंवा मध्यभागी कॅल्शियम असेल तर बहुधा जुना व्रण. स्पिक्युलेटेड म्हणजे काटेरी कडा, किंवा फुफ्फुसाच्या वरच्या लोबमध्ये (भागात) असेल तर डॉक्टर जास्त सावध राहतात. ग्राउंड ग्लास, म्हणजे भरीव नसून धुक्यासारखा पुसट दिसणारा नोड्यूल, असेल तर हिशोबच वेगळा, ते हळू वाढतात म्हणून पाच वर्षं बघावं लागतं.

आईंना आधी कुठलाही कॅन्सर झाला असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर ही गाइडलाइन लागूच होत नाही, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. थुंकीतून रक्त आलं, वजन उतरायला लागलं तर सहा महिन्यांची वाट बघू नका. आणि हो, ७ मिमीच्या नोड्यूलने सहसा खोकला येत नाही, म्हणजे खोकल्याचं कारण दुसरं काहीतरी आहे, ते या गडबडीत राहून जायला नको, त्यासाठी छातीच्या डॉक्टरांना वेगळं विचारा. पुढचा सीटी शक्यतो त्याच सेंटरला, लो डोस (कमी रेडिएशनचा) आणि बारीक स्लाइसचा करून घ्या, त्याला कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही.