ताई, ते थेंब मागवू नका

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप लागली नाही. मुलगा एकवीस वर्षांचा, आधी फक्त शनिवारी मित्रांबरोबर दारू प्यायचा, आता जवळजवळ रोज. आणि भावाने सुचवलेले 'जेवणात मिसळा, कळणारही नाही' असे दारू सोडवायचे थेंब मागवू का, हा तुमचा प्रश्न. सहा वर्षांपूर्वी आमच्या घरात हेच बोलणं चाललं होतं.

वास, पैसे, खोटं बोलणं यावर लिहीत नाही, ते तुम्ही ओळखलंच आहे. मी डॉक्टर नाही, एका मुलाचा बाप आहे, एवढं धरून वाचा.

आम्ही थेंब नाही, गोळ्या दिल्या. ओळखीच्या औषध दुकानदाराने चिठ्ठी न मागता पाकीट हातात ठेवलं. "रोज एक कुटून वरणात घाला. प्यायला की उलटी होईल, नाद आपोआप सुटेल." हिला सांगितलं तर ती दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला. गोळी कुटायची ती, वाढायची ती, आणि तो किती जेवला हे मी टीव्हीसमोर बसून बघायचो.

ते डायसल्फिराम होतं. दारू पोटात गेली की शरीरात तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. ते विषारी असतं, पण यकृत त्याचा लगेच निकाल लावतं. ही गोळी नेमकं तेच काम अडवते. मग थोडी दारूसुद्धा चेहरा लालबुंद करते, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. जो स्वतः ठरवून, तपासण्या करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती घेतो त्याला उपयोग होतो, कारण आज प्यायचं नाही हे त्याला माहीत असतं. आमच्या मुलाला माहीत नव्हतं. पाचव्या दिवशी मित्राच्या खोलीवर तो कोसळला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं औषध चालू आहे का?" मी नाही म्हणालो. मुलगा शुद्धीवर होता, त्याच्या देखत माझ्याने सांगवेना. अर्धा तास ते दारूत काही भेसळ होती का, काय खाल्लं, हेच विचारत राहिले. शेवटी हिनेच रडत सांगितलं. सलाईन, रात्रभर देखरेख, आणि तो वाचला. पण आईचं बोलणं त्याने ऐकलं होतं.

घरी आल्यावर त्याने तिच्या हातचं जेवण सोडलं. आठ महिने. बाहेरून वडापाव आणायचा, पाणीसुद्धा विकतच्या बाटलीतलं, घरच्या माठाला हात लावायचा नाही. ही रोज ताट वाढून झाकून ठेवायची आणि सकाळी तसंच उचलायची. चूक माझी होती, भोगलं तिने. दारू तर वाढलीच. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो, हे त्या दुकानदाराने सांगितलं नव्हतं. जाब विचारायला गेलो तर म्हणाला, "सगळेच नेतात." आजही त्या रस्त्याने जाताना माझं डोकं फिरतं. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. आमच्या पोराला एकोणिसाव्या वर्षी कुणी वय विचारलं नाही आणि मला कुणी चिठ्ठी विचारली नाही.

दुसरी चूक म्हणजे 'तो तयार होईल तेव्हा जाऊ' म्हणत आम्ही दीड वर्ष घालवलं. तो तयार नसला तरी आई-बापांनी जायचं असतं. ही आधी अल-अनॉनच्या सभेला गेली. दारू पिणाऱ्यांच्या नातेवाइकांची ती सभा, पैसे लागत नाहीत. त्याची उधारी फेडणं आणि कॉलेजात 'ताप आहे' म्हणून कळवणं तिने तिथूनच बंद केलं. पुण्याजवळ असाल तर येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. लांब असाल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ हे सरकारी नंबर आहेत. फोन तुम्ही केलात तरी चालतो.

बोलायचं ते सकाळी, तो प्यायलेला नसताना, आणि एकानेच. मामा-काका गोळा करून पंचायत बसवू नका, हे माझं ठाम मत. मी इतकंच म्हणालो, "तुझ्या जेवणात औषध मी घालायला लावलं. आईने नाही. चुकलो." तो उठून गेला. ओपीडीला यायला त्यानंतर तीन महिने लागले, मध्ये एकदा पुन्हा घसरला, आता चौथं वर्ष चालू आहे. उपचारांत डॉक्टरांनी हीच गोळी सुचवली तेव्हा तो खुर्चीतून उठला. त्यांनी समजून घेऊन दुसरं औषध दिलं. पण उपयोगी पडू शकलं असतं असं एक औषध मी त्याच्यासाठी कायमचं बाद करून ठेवलं.

आणखी एक. तो खरंच रोज आणि भरपूर पीत असेल तर खोलीत कोंडून एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. ते डॉक्टरांकडेच करायचं काम आहे. दारूशिवाय गांजा, एमडी वगैरे काही असेल तर त्यातला मला अनुभव नाही, तिथे माझं ऐकू नका.

थेंब मागवले नसतील तर प्रश्नच नाही. आले असतील तर बाटली न उघडता पहिल्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा. आणि चार थेंब घालून झाले असतील, तर आजच डॉक्टरांना सांगा, आणि त्यालाही तुम्हीच सांगा, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत.