भाडं परवडत नाही अशा शहरात मेकरस्पेससाठी (यंत्रं-अवजारं सगळ्यांनी मिळून वापरायच्या कार्यशाळेसाठी) जागा कुठं शोधायची आणि ती टिकवायची कशी?

तुम्ही पुण्याचं विचारलंय, मी कोल्हापूरचा. पण भाड्यापायी बंद पडलेली जागा जवळून पाहिली आहे, म्हणून लिहितोय.

आम्ही काही मित्रांनी राजारामपुरीत गाळा घेतला होता. मी पहिल्यापासून उद्यमनगर, म्हणजे कोल्हापुरातली कारखान्यांची वस्ती, म्हणत होतो. एका मित्राचं म्हणणं, "लोकांना दिसलं पाहिजे. काचेतून थ्रीडी प्रिंटर दिसला की पोरं आत येतील." पोरं आली, फोटो काढून गेली. मीटर सिंगल फेज, त्यामुळं मोठ्या लेथचं (धातू फिरवत कापायच्या यंत्राचं) नावच काढायला नको. ग्राइंडर लावला की वरच्या मजल्यावरचे काका खाली हजर. अकरा महिन्यांचा करार संपल्यावर मालकानं भाडं वाढवलं आणि जमणारी वर्गणी निम्म्या भाड्यालाही पुरेना. टेम्पोत सामान भरताना मित्र म्हणाला, "कोल्हापुरात ही संस्कृतीच नाही."

हे मला अजून झोंबतं. ज्या गावात ऑइल इंजिनं घडली, जिथल्या फाउंड्रीतलं कास्टिंग देशभर जातं, तिथं हातानं काही करायची संस्कृती नाही? उद्यमनगरात तुटका शाफ्ट घेऊन उभं राहा, चार जण काम टाकून बघायला येतात.

शेवटी तिथंच सोय झाली. कामगारांची पाळी संपली की कारखान्याची शेड रिकामीच असते. ओळखीच्या एका मालकांनी कोपरा दिला. भाडं नाही, वीजबिलात वाटा. अट एकच: चकची (लेथवर काम पकडून ठेवणाऱ्या जबड्याची) किल्ली चकात विसरलेली दिसली की त्या माणसाला त्या दिवशी मशीन बंद. लेथ सुरू झाला तर ती किल्ली गोळीसारखी सुटते. निवृत्त टर्नर मिस्त्री देखरेखीला असतात, त्यांचा पगार आम्ही वर्गणीतून देतो. कॉलेजची एक पोरगी आजीच्या वॉकरसाठी नायलॉनचा बुश (आत बसणारी नळी) करत होती. तो ढिला बसला. मिस्त्रींनी तिच्या हातात बारीक माप घ्यायचा व्हर्निअर दिला, "डोळ्यानं न्हाई बाळ, ह्यानं बघ." दुसरा बुश घट्ट बसला.

नुसत्या सभासद-फीवर महागडी यंत्रं आणि मोठं भाडं पेलत नाही. अमेरिकेतलं टेकशॉप हे असंच मेकरस्पेस २००६ मध्ये सुरू झालं, बऱ्याच शहरांत पसरलं आणि २०१७ मध्ये बंद पडलं. उलट आपल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा) आली ती आधीपासून चालू असलेल्या शिक्षणाच्या आणि गावच्या कामात. पेठेतली तालीम जशी रोज येणाऱ्यांच्या जिवावर उभी असते, तसंच हे.

तेव्हा पुण्यात कोथरूड-बाणेरला गाळे बघत बसू नका. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना भेटा. ज्याचं संध्याकाळनंतर काम नसतं, त्याच्याशी बोला. सरकारी अनुदान मिळालं तर त्यातून मशीन घ्या, भाडं भरू नका.

हे मालकाच्या मर्जीवर चालतं, हेही खरं. म्हणून तोंडी ठेवू नका, वेळ, वीज आणि अपघाताची जबाबदारी कागदावर घ्या. लाकूडकाम वेगळ्या जागी करा, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि भुसा एका छपराखाली नको. मुली रात्री येणार असतील तर परतीची सोय आधी ठरवा. आमच्याकडं ती उशिरा झाली आणि तोवर दोघीजणी यायच्या बंद झाल्या होत्या.