जुनी परवानगी, नवे नियम: तोंडी उत्तरावर फाईल परत घेऊ नका

भाऊ, लातूरचा प्लॉट, २०२० च्या आधीची बांधकाम परवानगी, जोतं झालेलं, आणि आता ऑफिस म्हणतंय 'सगळं नव्या नियमानं टाका'. तुमची पोस्ट वाचली आणि माझं जुनं दुखणं ठणकलं. मी इंजिनिअर नाही, वकीलही नाही, तेव्हा अंतिम शब्द तुमच्या आर्किटेक्टचा. एनए, पीआर कार्ड वगैरे जमिनीचे कागद तो बघेलच.

युनिफाइड डीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, २ डिसेंबर २०२० ला मंजूर झाली. पण आधी मिळालेली परवानगी त्यामुळे रद्द होत नाही, तसं नियमावलीतच लिहिलंय. नवे नियम घ्यायचे की नाही, ही मालकाची मर्जी. फक्त जोतं मुदतीत झालेलं असावं. म्हणून जोते तपासणीचा दाखला (जोतं झाल्यावर ऑफिस तपासून देतं तो कागद) आधी शोधा. माझा पुढचा सगळा खेळ त्या एका कागदावर चालला.

आमच्याकडच्या एका ऑफिसात (नाव घेत नाही, अजून तिथंच काम पडतं) माझ्या फाईलच्या कव्हरवर कोपऱ्यात पेन्सिलनं 'नवीन नियम' एवढंच खरडलं होतं. सही नाही, तारीख नाही. विचारलं तर, "साहेब म्हणायलेत, नवीन टाका." कोणत्या नियमानं? उत्तर नाही. आर्किटेक्ट म्हणाला, कशाला वैर घ्यायचं, प्रीमियम (जादा बांधकामाचं शुल्क) भरून टाका. पूर्वी बाल्कनी, जिना ठरावीक मर्यादेत एफएसआयबाहेर (प्लॉटवर किती बांधकाम चालतं, त्या हिशेबाबाहेर) राहायचा. आता मोजला जातो, आणि त्या बदल्यात प्रीमियम भरून घराला ६० टक्क्यांपर्यंत अॅन्सिलरी, म्हणजे जोड, एफएसआय मिळतो. मजला वाढवायचा असेल तर हा सौदा चांगला आहे. मला वाढवायचाच नव्हता, मग पैसे कशाचे भरू?

शेवटी साधा अर्ज दिला: कोणत्या कलमानुसार फाईल परत, ते लेखी कळवा. आवक नंबर घेतला. तरी हालचाल नाही, तेव्हा माहिती अधिकारात फाईलवरची टिपणी मागितली. टिपणीत काहीच नव्हतं! त्यानंतर फाईल जुन्या नियमानंच पुढं सरकली. तोवर पावसाळा गेला, कॉलमच्या उघड्या सळया तांबड्या झाल्या, भाडं चालूच. (सळयांना सिमेंटचा पातळ लगदा लावून ठेवा. पुढं काम करताना तो खरवडून काढा.)

आता एका बाबतीत माझं मत कडक आहे. एफएसआय जुन्या नियमाचा घ्या, कॉलम-लोखंड जुन्या नियमाचं घेऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरून इथं घर बांधता येत नाही. भूकंपाच्या २०१६ च्या मानकात लातूर झोन ३ मध्ये धरलंय आणि आयएस १३९२० या भूकंपरोधक काँक्रीट बांधकामाच्या मानकाची २०१६ ची आवृत्ती कॉलमची लहान बाजू किमान ३०० मिमी मागते. मिस्त्री ९ इंचीवर अडून बसेल, कारण कॉलम भिंतीत लपतो. खोलीत कोपरा बाहेर आला तर येऊ द्या, कपाट करा त्यात. रिंगांचे हूक १३५ अंशात आत वळलेले हवेत. ते काँक्रीट ओतण्याआधी स्वतः वाकून बघा, काटकोनात सोडलेले असतील तर काम थांबवा.

तुमचे कॉलम जोत्यातून ९ इंचीच वर आले असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर बोलवा, फोनवर फोटो पाठवून भागणार नाही. आणि तो हो म्हणेपर्यंत सेंट्रिंगवाल्याला इसार देऊ नका.