वहीतली टिक नसलेली ओळ

पत्र: मावशी, माझी मुलगी 11 ची, मुलगा 7 चा. बिल्डिंगमधल्या पोरांनी एक 'चोर कंपनी' काढलीय, त्यात ही दोघंपण सामील झालीत. कुणाची डावी चप्पल उचल, कुणाचा रिमोट, कुणाचा चष्मा, आणि जागेवर मिशीचं चित्र काढलेली चिठ्ठी. दोन दिवसांनी वस्तू गुपचूप परत. सगळे हसतात, आम्हीपण हसलो. त्यांची एक वही सापडली, धाकट्याच्या अक्षरात, परत केलं की टिक. (खालच्या काकूंच्या घड्याळापुढे टिक नाहीये, ते नंतर बघू. आणि धाकटा हल्ली खाली खेळायला जात नाही.) नवरा म्हणतो दोघांना चांगलं बदडून काढू, सासूबाई म्हणतात लहान आहेत. हसू का रडू?
– दोन चोरांची आई

अगं दोन चोरांच्या आई,

मिशीच्या चिठ्ठीला मीपण खूप हसले, खोटं कशाला बोलू. पण मग त्या कंसापाशी अडकले. अख्ख्या पत्रातली मोठी गोष्ट तू कंसात टाकलीस आणि वर "नंतर बघू"? नंतर नाही गं, आजच बघ.

ती वही परत उघड. चप्पल, टिक. रिमोट, टिक. चष्मा, टिक. वस्तू त्यांना नकोच होत्या, त्यांना पकडलं जाऊ की काय ही धडधड हवी होती आणि दुसऱ्या दिवशी मोठ्यांच्या तोंडून आपली कीर्ती ऐकायची होती, जी तुम्हीच हसून हसून सगळीकडे पसरवलीत. आता घड्याळाची ओळ बघ. खोटी टिक मारायला काय लागत होतं त्याला? कुणी तपासत नव्हतं. तरी 7 वर्षांच्या पोराने ती जागा रिकामी सोडली, आणि आता खाली जात नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. घड्याळ पडलं असेल, हरवलं असेल, नाहीतर काकूंचा चेहरा बघून परत द्यायची हिंमत झाली नसेल.

दोघांशी बोलायला जाशील तेव्हा एक लक्षात ठेव, ती दोघं दोन वेगळ्या भाषेत बोलतील. पियाजे नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1932 साली मांडलेलं आहे हे. तो मुलांना दोन गोष्टी सांगायचा: एका मुलाने दार उघडलं, मागे कप होते हे त्याला माहीतच नव्हतं, 15 कप फुटले. दुसरा आई नसताना कपाटातला जाम काढायला गेला, एकच कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलं बऱ्याचदा 15 वाल्याकडे बोट दाखवायची, कारण नुकसान मोठं. मोठी मुलं म्हणायची, दुसरा, कारण त्याच्या मनात काय होतं ते बघा. म्हणजे तुझा धाकटा मनातल्या मनात जन्मठेप भोगतोय आणि थोरली "आम्ही मुद्दाम थोडीच केलं" म्हणून वकिली करेल. तिला निर्लज्ज म्हणू नकोस आणि त्याला भित्रा म्हणू नकोस.

नवऱ्याच्या बदडण्याबद्दल. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचा 2015 साली छापून आलेला एक प्रयोग आहे, 4 ते 8 वयाच्या 372 मुलांवर. मुलाला खोलीत मिनिटभर एकटं सोडायचं, मागे खेळणं, वळून बघायचं नाही. साधारण दोन तृतीयांश मुलांनी बघितलं (मी तर पहिल्या पाच सेकंदात बघितलं असतं) आणि बघणाऱ्यांतली दोन तृतीयांश नंतर खोटं बोलली. गंमत म्हणजे शिक्षेची भीती होती तिथे खरं बोलायचं प्रमाण आणखी कमी झालं. तेव्हा हात उगारलास तर घड्याळ कायमचं गेलं समज. "कोणी उचललं" हेपण विचारू नकोस, कारण मग एकाला दुसऱ्याचं नाव घ्यावं लागेल आणि भावंडांनी एकमेकांना पाठीशी घालणं ही एवढी चांगली गोष्ट आपण कशाला मोडायची? वही समोर ठेव आणि एवढंच विचार, "इथे टिक कशी पडेल?" मग गप्प बस. थोरली बोलायला लागेल, तरी धाकट्याची वाट बघ.

मग तिघं मिळून काकूंकडे जा. हो, तूपण, तूही हसलीस ना. भाषण नको, घड्याळ पुढे करायचं आणि काय झालं ते सांगायचं, बास. काकू चिडल्या तर चिडू देत, मध्ये पडू नकोस.

चोर कंपनी बंद कर असं मी म्हणणार नाही. फक्त एक नियम वाढवायला सांग: ज्याची वस्तू तो स्वतः हसला तरच टिक. शेजारीपाजारी हसले ते धरायचं नाही. सासूबाईंना म्हणावं लहान आहेत खरं, पण काकू लहान नाहीत.

आणि हो, घड्याळ बंद पडलेलं निघालं तर परस्पर दुरुस्तीला टाकू नकोस, आधी काकूंना विचार. काही जणांनी बंद घड्याळच जपून ठेवलेलं असतं.

– मावशी