कॅटलन, कॅटलान की कातालान?

प्रश्न असा होता की स्पेनमध्ये बार्सिलोनाच्या बाजूला जी भाषा बोलतात तिचं नाव पेपरात कुठे कॅटलन, कुठे कॅटलान, तर कुठे कातालान छापून येतं, यातलं बरोबर कोणतं, आणि ती शेवटी स्पॅनिशचीच बोली ना?

आधी दुसऱ्याचं उत्तर देतो. बोली अजिबात नाही, दोघी लॅटिनमधून आपापल्या वाटेनं आल्यात. खिडकीला स्पॅनिशमध्ये बेंताना तर यांच्यात फिनेस्त्रा, चीजला केसो तर यांच्यात फुर्माजे, म्हणजे शब्द बघायला गेलं तर बऱ्याचदा फ्रेंचच जवळची वाटते. आणि खरी गंमत क्रियापदात आहे. स्पॅनिश माणूस 'बोय आ आब्लार' म्हणाला की 'मी बोलणार आहे', पण बार्सिलोनावाला जवळपास तशीच जोडणी करून, 'जाणे'चंच रूप वापरून 'बाच पर्ला' म्हणाला की अर्थ होतो 'मी बोललो'! भविष्यकाळाचा थेट भूतकाळ, आता याला बोली कसं म्हणायचं? अँडोरा देशाची तर ही एकमेव अधिकृत भाषा आहे. स्पेनमधल्याच व्हॅलेन्सियात मात्र याच भाषेला व्हॅलेन्सियन म्हणतात आणि त्यावरून तिथे भांडणं चालूच असतात, त्यात आपण न पडलेलं बरं.

आता उच्चार. त्यांच्याकडे आघात नसलेला 'आ' बार्सिलोनाच्या बाजूला आपल्या 'अ'सारखा होतो आणि शब्दाच्या शेवटचा न गळतो, त्यामुळे ते स्वतः म्हणतात 'कतला'. तसंच लिहिलं तर आपल्याकडे लोकांना मासा आठवेल :) पण तो न कायमचा जात नाही, स्त्रीलिंगी रूपात आणि अनेकवचनात परत येतो, म्हणून मराठीत न ठेवण्यात काही चूक नाही. कातालान हा स्पॅनिश उच्चार झाला, चुकीचा नाही पण मग निदान तो मूळ उच्चार आहे असं सांगू नये. आघात 'ला'वर आहे, तेव्हा कॅटलनमध्ये नेमका तोच स्वर आखडतो. मी तरी कॅटलान लिहितो, प्रदेशाला रुळलेलं कॅटलोनिया ठेवतो (त्यांचं कतलुन्य).

आणि जाता जाता, फुटबॉलवाल्यांनो, बार्सिलोनाच्या क्लबचं लाडकं नाव बार्सा आहे, बार्का नाही. त्या सी ला खाली शेपटी असते, तिचा उच्चार स.