दातांचं मोठं काम निघालंय, एकदम एवढे पैसे नाहीत. कर्ज काढावं की दुखणाऱ्या दाढा सरळ काढून टाकाव्यात?

तीन रूट कॅनॉल, तीन कॅप, एक इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून वर लावलेला दात). तुमची यादी वाचली. 'घरचे म्हणतात, काढून टाक, कटकट मिटेल' हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले. हेच वाक्य आमच्या घरात माझ्या दादाने म्हटलं होतं आणि मी तेव्हा गप्प बसले होते.

आई तेव्हा ६७ वर्षांची. खालची उजवी पहिली मोठी दाढ ठणकत होती. डॉक्टरांच्या कागदावर ती ४६ नंबर. ही दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, म्हणजे साठ वर्षं तिने आईची साथ केलेली. रूट कॅनॉल आणि कॅप करून वाचली असती. दादा म्हणाला, "या वयात दातावर एवढा खर्च कशाला? काढून टाकू." काढण्याचं बिल अगदी किरकोळ आलं. सगळे खूश.

पुढच्या चार वर्षांत तिच्या मागची दाढ, ४७ नंबर, हळूहळू त्या रिकाम्या जागेत कलली. तिच्यासमोरच्या वरच्या दाढेला, म्हणजे १६ ला, खाली टेकायला काही उरलं नाही, म्हणून ती खाली उतरत गेली. दोन्हीकडे फटी पडल्या, घास अडकायला लागला, दोन्ही दाढा किडल्या. आई डाव्या बाजूनेच चावायची, मान जराशी कलती ठेवून. जेवण झालं की आरशासमोर उभी राहून जिभेने ती फट चाचपत बसायची. घास नीट चावला जात नाही म्हणून निम्मं ताट तसंच राहायचं, आणि विचारलं की म्हणायची, "भूक नाही."

एका रूट कॅनॉलचे आणि एका कॅपचे पैसे वाचवले होते. आता दोन रूट कॅनॉल, दोन कॅप आणि वर रिकाम्या जागेचं काय करायचं हा प्रश्न. इम्प्लांट म्हणावं तर तिथलं हाड झिजलेलं, आधी हाड भरावं लागणार होतं. दात काढल्यावर पहिल्याच वर्षात हाड सगळ्यात जास्त झिजतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

या वेळी मी दादाला विचारलंच नाही. आईला डेंटल कॉलेजात नेलं. तिथे शिकणारे डॉक्टर काम करतात, वर अनुभवी डॉक्टर तपासतात. खर्च बराच कमी, पण खेपा खूप. माझ्या कितीतरी सुट्ट्या गेल्या. आधी हिरड्यांची सफाई आणि दोन्ही रूट कॅनॉल, मग कॅप. मागच्या दाढा दिसत नाहीत, म्हणून दातांच्या रंगाची कॅप न घेता साधी धातूची घेतली. स्वस्त आणि दणकट. रिकाम्या जागेत काढता-घालता येणारा दात. आई आता दोन्ही बाजूंनी जेवते.

तुमच्यापुरतं सांगायचं तर सगळं काम एकदम करायची गरज नसते. डॉक्टरांकडून दातागणिक खर्च लेखी घ्या आणि विचारा, यातलं आत्ता काय आणि थांबू शकतं काय. पू, ठणका, कीड हे आधी. कर्ज काढायचंच तर तेवढ्यापुरतं काढा. इम्प्लांट थांबू शकतो, फक्त फार वर्षं नको. आणि तो बसवला तरी हाडात रुजायला साधारण तीन ते सहा महिने जातात, वरचा दात बहुतेकदा त्यानंतर, त्यामुळे पैसेही टप्प्याने देता येतात. सगळी रक्कम आगाऊ कुणालाही देऊ नका. बिनव्याजी हप्ते म्हणाले तर एक हप्ता चुकल्यावर काय होतं, ते वाचूनच सही करा. विम्यात दातांना वार्षिक मर्यादा असेल तर अर्धं काम या वर्षात, अर्धं पुढच्या. मात्र रूट कॅनॉल करून कॅप महिनोन्‌महिने लांबवू नका. ती दाढ चावताना चिरू शकते, आणि चीर मुळापर्यंत गेली की काढण्यावाचून इलाज नाही.

एक राहिलंच. काही दाढा खरोखरच काढाव्या लागतात. मूळ उभं चिरलेलं असेल, हाड जाऊन दाढ डुगडुगत असेल, किंवा त्रास देणारी अक्कलदाढ असेल, तर जपण्यात पैसे घालू नका. तुमच्या तीनपैकी एखादी तशी असेलही. एक्स-रे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून घ्या. मधुमेह असेल किंवा सिगारेट ओढत असाल तर इम्प्लांटआधी ते स्पष्ट सांगा.

पण काढणं स्वस्त पडतं म्हणून काढू नका. दादा अजून म्हणतो की मी आईच्या दातांवर पैसे उधळले. त्याच्याकडे फक्त ती दाढ काढल्याचं बिल आहे. पुढची सगळी बिलं माझ्याकडे आहेत.