धुळ्यातल्या जुन्या वाड्याला लाकडी रंगाच्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) खिडक्या शोभतील का? काय बघून घ्यावं?

शोभतील, पण सरसकट बदलू नका. दर्शनी खिडक्या सागवानी असतील आणि चौकट शाबूत असेल तर हात लावू नका. कुजलेला तुकडा सुतार बदलून देतो. वाळवी लागलेल्या मागच्या खिडक्यांना यूपीव्हीसी खुशाल बसवा.

खानदेशात खरी परीक्षा उन्हाची. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि गडद रंगाची चौकट त्याहून बरीच जास्त तापते. ४० अंशांच्या फरकाला यूपीव्हीसीची दीड मीटरची पट्टी साधारण ४ मिमी वाढते. म्हणून पश्चिमेच्या भिंतीला काळपट अक्रोडी रंग नको, फिकट सागवानी घ्या. चौकटीच्या पोकळीत गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) लोखंडी पट्टी हवीच. चौकटीभोवती फट सोडून फोम आणि सिलिकॉन भरायला लावा. आपले गवंडी हटकून सिमेंट ठासतात, तेव्हा समोर उभे राहा.

लाकडी रंग म्हणजे वरून चिकटवलेली फिल्म. ती आत-बाहेर दोन्हीकडून आहे का ते विचारा, नाहीतर खोलीतून पांढरी खिडकी दिसेल. नमुन्याचा कोपरा हातात घ्या: सांध्यावर पांढरी रेघ दिसली किंवा रंगाचा पेन फिरवून ती झाकलेली असली, तर दुसरा कारागीर शोधा.

माप वर, मध्ये, खाली घेऊन सगळ्यांत लहान धरा. जुन्या भिंती ओळंब्यात नसतात. गज भिंतीतच राहू द्या. आणि सरकती नको, दुझडपीच घ्या. वाड्याला सरकती खिडकी म्हणजे धोतरावर टाय.